सासऱ्यांचा रेडिओग्राम

माझ्या माहेरून आलेला ग्रामोफोन सासऱ्यांनी खामगावच्या एका दुकानदाराला देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात रेडिओग्राम आणला. मला विचारलं नाही. सुनेला काय विचारायचं?

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती. पिंपळगाव राजात आमच्या घरी नुकतीच लाइट आली होती आणि ती आली हे चार लोकांना दिसायला काहीतरी हवंच होतं. रेडिओग्राम म्हणजे रेडिओ, तबकडीचं यंत्र आणि स्पीकर, सगळं एकाच लाकडी पेटीत. पेटी कसली, कपाटच ते. बैठकीत येईल त्याला सासरे सांगत, "एकच वायर, एकच बटन. सारं यातच हाये." खोटं नव्हतं. आवाजही घुमायचा, पुसायलाही एकच वस्तू. पण लाइट गेली की सगळंच मुकं. माझा ग्रामोफोन किल्ली दिली की शेतातल्या झाडाखालीही गायचा. हे बोलून दाखवलं तर सासरे हसायचे. यंत्र जितकं जड तितकं घरंदाज, अशी त्यांची समजूत.

खरी गोम वेगळीच होती. आमच्या शेतावर वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्या सालदाराच्या बायकोला मी शब्द दिला होता की तुझ्या मुलीच्या लग्नात माझा ग्रामोफोन तुझ्या मांडवात वाजेल. मी नवी नवरी असताना या घरात माझ्याशी धड बोलणारी ती एकटीच होती. लग्नाच्या आठ दिवस आधी ती विचारायला आली. सासरे ओट्यावरच बसले होते.

"आता कसं देऊ? सारं एकाच पेटीत हाये. उचलत नाही ते," ते म्हणाले. वर औदार्यही दाखवलं, "खिडकी उघडी ठेवतो. तुमच्या मांडवापर्यंत ऐकू येईन."

मागायला आलेल्याला नाही म्हणायची सोय, हा त्या पेटीचा सगळ्यात मोठा गुण. तो त्यांनी दुकानातच हेरला असणार. मी दाराआड उभी होते. तिथूनच स्वयंपाकघरात परतले.

लग्न झालं. खिडकी उघडी होती आणि लाइट गेली होती.

महिन्याभरात रेडिओचा एक वॉल्व्ह गेला. तबकडी गरगर फिरायची, आवाज नाही. एवढ्याशा काचेच्या नळीसाठी अख्खं कपाट खामगावला न्यायचं होतं. सासऱ्यांनी सालदाराला हाक मारली. तो आणि आणखी तिघं आले, पेटी उचलली आणि बैलगाडीत ठेवली. बिडी पेटवायला लागेल तेवढा वेळ लागला.

सालदार घाम पुसत म्हणाला, "मालक, हे तं उचललं बाप्पा. लग्नात काऊन उचलत नव्हतं?"

सासरे गाडीची दोरी ताणून बघत राहिले. मला त्यांची कीव आली नाही, किळस आली. सालदाराची बायको अंगणात शेण काढत होती. ती त्यांच्याकडं पाहतच नव्हती. ती माझ्याकडं पाहत होती. शब्द मी दिला होता.