जुनं आठवू द्या, म्हणाले डॉक्टर

बाबांचे रिपोर्ट बाजूला ठेवून डॉक्टर म्हणाले, "डिमेन्शिया आहे." डिमेन्शिया म्हणजे वयाचा विसरभोळेपणा नव्हे, मेंदूच हळूहळू थकत जातो. नागपुरातल्या आमच्या वस्तीत या आजाराचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. गिरणीत जन्म घालवलेले माझे बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते.

औषध नव्हतं. मेमरी ट्रेनिंग करू, म्हणजे स्मरणशक्तीची तालीम, असं डॉक्टर म्हणाले. ताजं विसरलं तरी लहानपणचं टिकतं, म्हणून गावाकडच्या आठवणींवर त्यांना बोलतं करायचं.

मला ते पटलं नाही. मी मुळातच संशयी. तालीम घेणाऱ्या सिस्टरचं आडनाव मी आधी विचारून घेतलं; ती आमच्यातली नव्हती. लोकांनी जन्मभर आमचं विचारलं, मग आम्ही का सोडावं?

मी बाहेरच्या बाकावर कान देऊन बसायचे. सिस्टर गाव विचारायची, विहीर कुठे होती विचारायची. बाबा भराभर सांगायचे आणि डॉक्टर खूश व्हायचे. मला मात्र दाल में काला वाटायचं. इतकं गोड कोण कशाला बोलेल?

एक दिवस चहा घेऊन आत गेले, तर बाबा जमिनीवर उकिडवे बसले होते, ओंजळ धरून. सिस्टर उभी राहून वरून पाणी ओतत होती.

माझं डोकंच फिरलं. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती यासाठी का? मी तिला नको नको ते बोलले.

तिने तांब्या खाली ठेवला. "मी ग्लासच देऊन राहिली होती बाई. तेच हात नाही लावून राहिले."

बाबा माझ्याकडे वळले. "काहून भांडून राहिली वं? भांड्याले आपला हात लागला तं मारतीन ना."

दीक्षेआधीचं सगळं शाबूत होतं. नंतरचं तेवढं पुसलं गेलं होतं. मी भिंतीला टेकून रडले.

गावाच्या गप्पा बंद करा, असं मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं." तालीम बदलली. सिस्टर बाबांसमोर आधी स्वतः ग्लासातून प्यायची, मग तोच भरून त्यांच्या हातात द्यायची. बाबा हात मागे घ्यायचे, पाणी सांडायचं. तिने कधी कंटाळा केला नाही. तिचे उपकार फिटणारे नाहीत.

तुमच्या घरी हा आजार आला, तर जुनं उकरण्याआधी खाली काय पुरलंय ते बघा. डॉक्टरांना ते ठाऊक नसतं.

आता बाबा मला ओळखत नाहीत. परवा घरी त्यांनी माठातून ग्लास भरला, प्यायले, आणि पुन्हा भरून माझ्यापुढे धरला. कोणाची तरी भेदरलेली पोर समजले असावेत.

"घे वं माय, हातात घे. इथं कोणी मारत नाही."