चंद्राच्या हातमोज्याला दिलेला नकार

धामणगावच्या स्टेशनात मुंबईची गाडी लागली तरी बाबांचं नि माझं भांडण संपलं नव्हतं.

"कावून जाऊन राहिला रे? इथं तुले काय कमी हाये?"

"इथं सगळं तुमचं हाये, बाबा. माहं काय हाये?"

पाया पडायचं राहूनच गेलं. धामणगावकरांनो, तुमच्यापैकी जे फलाटावर होते, त्यांनी ते पाहिलंय. जे माझ्यासारखे निघून आलेत, त्यांना सांगायला नको.

मुंबईहून पुढं अमेरिकेत गेलो. तिथं मला काम मिळालं ते चंद्रावर न्यायच्या वस्तू तपासण्याचं. कपाटाएवढी लोखंडी पेटी, आत बघायला काचेची खिडकी. पंपानं आतली हवा काढायची, थंडी इतकी करायची की साधं रबर काचेसारखं फुटावं. पेटीच्या भिंतीत अंतराळवीराचे हातमोजे बसवलेले. बाहेरून त्यात हात घालून आतल्या, चंद्रावरचे दगड ठेवायच्या डब्याची कडी लावायची. हवा काढली की मोजे फुगून दगड व्हायचे. गळती कुठंच नव्हती. साहेब म्हणाला, "पास. सही कर." मी नाही म्हणालो. कडी बसली की नाही, बोटाला कळत नव्हतं.

"उद्या सकाळी सही नसेल, तर दुसरा माणूस आणतो."

माझा राहण्याचा परवाना त्याच नोकरीवर होता.

बाबा कापसाचे दलाल. भाव ठरायचा उपरण्याखाली, बोटांनी बोटं दाबून. तोंडानं एक शब्द नाही. त्या बाजारात वाढलेल्या माणसाला आंधळं बोट खपत नाही. सकाळी मी पेटीच्या खिडकीवर माझा कोट टाकला.

"साहेब, चंद्रावर सावलीत काळोखच असतो. लावा कडी. खरंच लागली, तर सही करतो आणि नोकरीही सोडतो."

त्यानं हात घातले. कानामागून घाम उतरला.

"लागली."

मी कोट ओढला. कडी अर्धी उघडी होती.

मोज्यांची बोटं नव्यानं बनली. अहवालात मात्र साहेबाच्या दक्षतेची स्तुती; माझं नाव कुठंच नाही. मी त्याच्या टेबलावर मूठ आपटली. नोकरी राहिली, नाव गेलं. माणूस चंद्रावर उतरला त्या दिवशी कचेरीत केक कापला. मी खाल्ला नाही.

हे सगळं घरी लिहिलं. दादाचं उत्तर आलं. बाबा कापूस बाजारात भर दुपारी ओरडले म्हणे, "कडीची खोट माह्या पोरानं पकडली, अन् नाव त्या साहेबानं खाल्लं!" दोन दिवस जेवले नाहीत.

इथं इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी आवाज चढवलेला नाही. धामणगावात त्या साहेबाला कुणी पाहिलेलं नाही, तरी त्याला अजून शिव्या बसतात. घर म्हणजे काय विचाराल, तर माझ्यापुरतं एवढंच.