पिंगळीच्या रानातली झाडपाल्याची मंडळी

आघाड्यातून चालून आलं की साडीच्या काठाला बिया चिकटतात ना, आमच्या रानफेरीत किस्से तसे चिकटतात. घरी येऊन निवांत काढत बसायचं!

दर रविवारी सकाळी परभणीहून आम्ही दहा-पंधरा जण पिंगळीच्या शिवारात जातो. सुलभाताई समुपदेशक आहेत, त्याच आम्हाला नेतात. रानातला झाडपाला ओळखायचा आणि मन हलकं करून यायचं, एवढाच कार्यक्रम.

त्यातलं मन हलकं करायचं काम खरं दोघांचंच. बापूराव आणि देशमाने सर, एका गल्लीतले, लहानपणचे दोस्त. सरांच्या पोरीच्या लग्नात सगळ्यांना फेटे बांधले आणि बापूरावच नेमके राहिले. तेव्हापासून बोलचाल बंद! ताईंनी एकाला दुसऱ्याचं न सांगता दोघांनाही बोलावलं. आता यायचं थांबवलं तर समोरचा म्हणेल हरला, म्हणून दोघंही एकही रविवार चुकवत नाहीत.

* * *

पहिल्याच फेरीत ताई म्हणाल्या, डोळे मिटा, हाताला येईल त्या झाडाला हळुवार स्पर्श करा. आमच्या कमलवहिनींच्या हाताला आली खाजकुयलीची शेंग.

"वहिनी, मनात काय येतंय?" ताईंनी विचारलं.

कोपरापर्यंत हात खाजवत वहिनी म्हणाल्या, "पुन्यांदा यायचं न्हाई, असं यायलंय."

* * *

त्या पुन्हा आल्याच. ताई कळकळीनं सांगत होत्या की फोटो काढा, वास घ्या, पण तोडू नका. परत निघताना वहिनींची पिशवी तांदुळज्याच्या भाजीनं टम्म फुगलेली.

"मी स्पर्शच केला ओ ताई," वहिनी म्हणाल्या. "मुळासगट आली."

* * *

एकदा मौनात चालायचं ठरलं. सगळे खाली मान घालून, एकेक पाऊल टाकत बांधावरून निघालो. वावराचा मालक धावत आला. त्याला वाटलं, कुण्या बाईचं मंगळसूत्र पडलं. त्यानं गड्यांना हाका मारल्या आणि सगळे वाकून गवत चाळायला लागले. शेवटी ताईंना मौन सोडावं लागलं. म्हणाल्या, दादा, काही हरवलं नाही, आम्ही शांतता शोधतोय.

त्यानं कपाळाचा घाम पुसला.

"मंग लाइट गेल्यावर या. आता मोटार चालू हाय."

* * *

बापूरावांना दिसेल ते पान तोंडात टाकायची खोड. एक दिवस असंच पान तोंडात टाकलं. शेजारी सर, मध्ये मी.

सर घाईघाईनं मला म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा, तो धोतरा हाय."

बापूराव मुकाट्यानं थुंकले, त्यांनी खळखळून चूळ भरली आणि मलाच म्हणाले, "त्यांना सांगा, मला चवीवरून कळलंच होतं."

* * *

आणि परवाचा रविवार. ताई म्हणाल्या, एकेक झाड धरा आणि मनात साचलंय ते त्याला सांगून टाका. मी बाभळीखाली बसले. डोळे मिटले, पण कान कोण मिटतं?

शेजारी जुनं, कवेत न मावणारं कडुलिंबाचं झाड. अलीकडून बापूराव टेकले. पलीकडं कोण बसलंय ते त्यांना दिसत नव्हतं.

"लय वाईट वाटलं रे झाडा," ते म्हणाले. "अख्ख्या मांडवात मी एकटा बोडका. परक्यानं केलं असतं तर काही वाटलं नसतं."

मग पलीकडून सरांचा आवाज आला.

"झाडा, त्याला सांग, त्याचा फेटा मी माझ्या हातानं बांधणार होतो. पोरगी बोहल्याकडं निघाली अन् मला काही सुचंना झालं."

बापूराव आता उठून जातात असं वाटलं, पण ते हलले नाहीत. नाक मात्र दोनदा पुसलं.

सर म्हणाले, "झाडा, त्याला म्हणावं, सांजच्याला चहाला ये."

बापूरावांनी घसा खाकरला.

"झाडा, आधी इचार त्याला, चहा त्याच्या घरच्या वहिनी करणार का हा."