दारांचे कर्ण

आठवीला चौकोन शिकवायला घेतले की मी मुलांना घरी दोरी लावून मोजायला सांगते. फळ्यावरचा आयत नेहमीच गुणी असतो, घरातला तपासावा. समोरासमोरच्या बाजू सारख्या आल्या म्हणून आयत होत नाही, तेवढं तर तिरपा समांतरभुज चौकोनही करतो. त्यात दोन्ही कर्णही सारखे भरले, तरच खरा आयत. म्हणून मागच्या श्रावणात गृहपाठ दिला: घराच्या दाराची चौकट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजून या.

दुसऱ्या दिवशी बहुतेकांचे कर्ण जुळले. वरच्या वाडीतल्या मुलांचे तेवढे जुळेनात. "धड मोजता येत नाही, आणि म्हणे आठवीत!" मी फटकारलं. मग एकेकाची चौकट फळ्यावर काढत गेले आणि खडू हातातच राहिला. सगळ्या चौकटी एकाच बाजूला कलल्या होत्या, ओढ्याकडे. मुलं हसत होती. मला हसू येईना, कारण माझं घर त्याच वाडीत आहे.

आमची घरं ओढ्याकडे उतरणाऱ्या डोंगरउतारावर एकाखाली एक, सगळी पूर्वेला तोंड करून. पावसात दारं अडतात, म्हणून दरवर्षी सुतार येतो आणि अडणारा कोपरा रंधून जातो. भिंतीतल्या बारीक भेगा दिवाळीत रंगाखाली जातात. त्या संध्याकाळी मी आमची चौकट मोजली. तीही ओढ्याकडे कललेली. दार मात्र अलगद लागलं. रंधून रंधून आम्ही त्यालाही चौकटीएवढंच तिरपं करून ठेवलं होतं. मला भीती वाटली.

सासूबाईंना म्हटलं, "डोंगर सरकतोय. आपण पालीला माझ्या भावाकडे राहायला जाऊ."

"लाकूड हाय, पावसात फुगनारच," त्या म्हणाल्या. "तुजा गनित शाळंत ठेव."

यंदा वैशाखात आम्ही दोघी अंगणात आंब्याच्या पेट्या भरत होतो. त्या पाणी प्यायला आत गेल्या आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. पुन्हा उघडेना. त्या आतून ओढत होत्या, मी बाहेरून खांदा लावला. दार हललं नाही. वर आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

आतली धडपड थांबली. मग दाराला तोंड लावून त्यांनी अगदी हळू विचारलं, "पाऊस पडतोय काय गो भायर?"