जबल अलीहून व्हिएन्नाला, शक्यतो जमिनीवरून

व्हिएन्नाच्या परिषदेने आमचा पेपर स्वीकारल्याची मेल आली, त्या दिवशी दुबईला, जबल अलीतल्या आमच्या ऑफिसात विशेष काही नव्हतं. मंगळवार होता, कॉफी मशीन बंद होतं आणि एसी नेहमीप्रमाणे अठरावर होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री असलं तरी आमच्या पर्यावरण विभागात स्वेटर घालून काम करायची पद्धत आहे.

अशा विभागात किस्से शोधावे लागत नाहीत. एसीच्या नळीखालच्या बादलीत पाणी साठावं तसे ते आपोआप साठतात. बादली भरली की कुणीतरी ओतायची, एवढंच.

मेल दोघांच्या नावाने होती. सतीशच्या आणि माझ्या. सतीशला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

जबल अलीत गोदामांबाहेर कामगारांच्या बस उभ्या असतात. आत एसी चालावा म्हणून त्यांची इंजिनं तासन्‌तास सुरू असतात. ती बंद कशी ठेवता येतील, असा पेपरचा विषय. सतीशने दोन उन्हाळे त्या बसच्या मागे उभं राहून मोजमापं घेतली. मी एसीत बसून इंग्रजी नीट केलं. त्यामुळे पहिलं नाव त्याचं, दुसरं माझं. यात कुणालाच शंका नव्हती. फादी सोडून!

फादी आमचा लेबनीज बॉस. मनाने चांगला, पण वरच्या मजल्याकडे पाहूनच श्वास घेणारा.

"हबीबी, सतीशचं मला खरंच वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण पहिली जागा आता रिकामी झालीय. डायरेक्टर साहेबांचं नाव टाकू या."

"जागा रिकामी नाही. तिथे सतीश आहे."

"पण तो प्रेझेंट करायला येणार नाही."

"डायरेक्टर साहेब तरी कुठे येणार आहेत? आणि नाव बदललं तर मीही जाणार नाही."

फादीने मेल पुन्हा वाचली. परिषदेची अट होती, की शक्य तितकं विमान टाळून या आणि कसे आलात ते आमच्या ॲपवर नोंदवा. त्याचा चेहरा उजळला.

"खलास, ठरलं! नाव राहू दे. पण तू रेल्वेने जायचं, आणि मला फोटो पाठवायचा. कंपनीचा रेल्वेतला फोटो!"

"फादी, दुबईहून व्हिएन्नाला रेल्वे नाही."

"होईल, इन्शाल्ला!"

*

त्याच उत्साहात त्याने 'ग्रीन ट्रॅव्हल'वर मीटिंग बोलावली. आम्ही सहा जण तासाभराच्या अंतरावर, अबू धाबीच्या रीम आयलंडवर राहतो, त्यातले चौघे एकाच टॉवरमध्ये. मीटिंगला सहा जण सहा गाड्यांतून आले. पार्किंग मिळेना म्हणून मीटिंग उशिरा सुरू झाली.

पहिला विषय, एकत्र गाडीने येणं. ठराव एकमताने पास! मग गाडी कुणाची न्यायची यावर वाद झाला. कुणाला मुलाला शाळेत सोडायचं होतं, कुणाला दुसऱ्याचं ड्रायव्हिंग सोसत नव्हतं, एकाला दुसऱ्याची गाणी. शेवटी हे ठरवायला उद्या पुन्हा जमायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा गाड्या आल्या.

सतीश होता तेव्हा सात माणसं सहा गाड्यांतून यायची. तो माझ्या गाडीत असायचा.

*

ट्रॅव्हल डेस्कला शाजी असतो. त्रिशूरचा, हसरा. इस्तंबूलपर्यंत विमान आणि पुढे रेल्वे, असा मार्ग त्याने दोन दिवस खपून जुळवला. पण सिस्टिम पुढे सरकेना.

"सर, पूरा फ्लाइट क्यों नहीं लिया, रीझन डालना पडेगा."

"पर्यावरण डाल."

"वो ऑप्शन नहीं है, सर."

आम्ही पर्यावरण विभाग! स्क्रीनवर तीनच कारणं होती. आजारपण, गरोदरपण आणि विमानाची भीती. शाजीने माझ्याकडे नीट पाहिलं.

"दूसरा वाला तो मुश्किल है," तो म्हणाला आणि तिसऱ्यावर टिचकी मारली.

पुढच्या आठवड्यात एचआरच्या समुपदेशक बाईंचा फोन. फार मऊ आवाज.

"विमानाची भीती कधीपासून वाटते?"

"वाटत नाही हो."

"नाही म्हणावंसं वाटणं नैसर्गिक आहे."

"मी इस्तंबूलपर्यंत विमानानेच जातोय."

"अरे वा! म्हणजे प्रगती आहे!"

मग त्यांनी विचारलं, "अलीकडे जवळचं कुणी गेलंय का?"

"हो."

"विमान अपघातात?"

"नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये. हार्ट."

"मग गाडी चालवायला भीती वाटते का?"

"नाही," मी म्हटलं. "लावायला वाटते."

*

परिषदेत वाटायला फादीने तागाच्या पिशव्या करून घ्यायचं ठरवलं. त्यावर हिरव्या अक्षरांत लिहायचं, 'कमी प्रवास, सुखी पृथ्वी'.

पिशव्या कोलकात्याहून जहाजाने येणार होत्या. जहाज लांबलं, म्हणून त्या विमानाने मागवल्या. आल्या तर पृथ्वीचं स्पेलिंग चुकलेलं. विमानाने परत गेल्या, विमानाने पुन्हा आल्या. प्रत्येक पिशवी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. आणि आता त्या विमानाने व्हिएन्नाला निघाल्या.

निशा आमच्याकडे नवी आहे, इकडेच अल ऐनमध्ये वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. खोक्यावरची लेबलं वाचत म्हणाली, "काका, धिस बॅग हॅज सीन मोअर ऑफ द वर्ल्ड दॅन मी!"

*

निघायच्या आदल्या दिवशी माधवी वहिनींकडे गेलो. सतीशचं घर आमच्याच टॉवरमध्ये, दोन मजले खाली. त्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

"स्टीलचा डबा दिलाय, भावजी. प्लास्टिक नेलंत तर तुम्हाला परिषदेतून हाकलतील."

"वहिनी, एवढ्या दशम्या? मी व्हिएन्नाला चाललोय, वनवासाला नाही."

"रेल्वेत माणसं भेटतात. त्यांना द्या. सतीश पाण्याची बाटली न्यायला विसरायचा, पण वाटायला खाणं कधी विसरला नाही."

मग चहा ठेवता ठेवता पाठ फिरवूनच विचारलं, "पडद्यावर त्याचं नाव दाखवाल ना, तेव्हा आपल्याकडे 'कै.' लावतात, तसं काही लावणार आहात?"

"तुम्ही सांगाल तसं."

"मग नका लावू. बँकेत सांगून झालं, घरमालकाला सांगून झालं, मोबाइलवाल्यांना तर चारदा. व्हिएन्नात तरी कुणाला माहीत नसू दे."

मी हो म्हटलं. परिषदेला तसं काही कळवलं नाही.

*

इस्तंबूलनंतरचा प्रवास छान चालला होता. पण बल्गेरियात एका छोट्या स्टेशनात आम्हाला खाली उतरवलं. पुढे रुळांचं काम चालू होतं. तेवढ्या टप्प्यापुरती बस!

बस भर उन्हात उभी होती. इंजिन चालू. निघायचं नाव नाही.

उभ्या बसच्या इंजिनावर पेपर वाचायला निघालेला माणूस त्यात गप्प कसा बसणार? मी ड्रायव्हरकडे गेलो आणि किल्ली फिरवल्याची खूण केली. त्याने खांदे उडवून इंजिन बंद केलं. मी समाधानाने जागेवर येऊन बसलो.

पाचच मिनिटांत बस भट्टीसारखी तापली. हे कुणी करायला लावलं, असं काहीतरी त्यांच्या भाषेत विचारणं सुरू झालं. एका आजींनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. अख्खी बस माझ्याकडे वळली. मी जागेवरूनच ड्रायव्हरला किल्ली उलट फिरवल्याची खूण केली.

आमच्या पेपरात एक वाक्य आहे, 'या कामी प्रवाशांचं सहकार्य सहज मिळेल.' ते माझं. सतीश ते काढ म्हणाला होता.

तेवढ्यात फादीचा फोन. "हबीबी, रेल्वेचा फोटो कुठे आहे?"

"मी बसमध्ये आहे."

"बस? मी रेल्वे म्हटलं होतं!"

तो स्वतः बिझनेस क्लासने व्हिएन्नाला पोहोचला. विमानतळावरून शहरात जाणाऱ्या रेल्वेत त्याने सेल्फी काढला आणि खाली लिहिलं, 'रेल्वेने व्हिएन्नात!' पहिलं अभिनंदन शाजीचं. विमानाचं तिकीट त्यानेच काढलं होतं.

*

पेपर बरा झाला. पहिल्या स्लाइडवर सतीशचं नाव, त्याखाली माझं. नावाला मागेपुढे काही नाही. बसमधल्या आजींची गोष्ट सांगितली, तेव्हा लोक हसले, आणि प्रश्नही चांगले आले.

समारोपाला बक्षिसं होती. शेवटचं बक्षीस, सर्वांत कमी प्रदूषण करून सहभागी झालेल्या लेखकाला. दिवे मंद झाले आणि पडद्यावर सतीश आला. पिवळं हेल्मेट घातलेला, जबल अलीच्या उन्हात डोळे बारीक करून हसणारा. खाली लिहिलं होतं, 'प्रवासातलं उत्सर्जन: शून्य.'

ॲपने सगळ्या लेखकांच्या प्रवासांची बेरीज केली होती. सतीशच्या नावावर एकही प्रवास नव्हता.

टाळ्या सुरू झाल्या. फादीनेही दोनतीन वाजवल्या, मग त्याचे हात हवेतच राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि हळू म्हणाला, "यल्ला. तू जा."

मी स्टेजवर गेलो. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी कौतुकाने माइक पुढे केला. "तुमच्या सहकाऱ्यांनी हे कसं साधलं?"

माइक हातात होता. वहिनींना हो म्हटलेलं होतं.

"त्यांनी प्रवास सोडला," मी म्हटलं.

"पूर्णपणे?"

"पूर्णपणे."

सभागृह उभं राहिलं. खाली उतरलो तर दाढीवाला एक तरुण संशोधक माझा हात धरून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "मीसुद्धा पुढच्या वर्षीपासून हेच करणार आहे!"

"घाई करू नका," मी म्हटलं.

प्रशस्तिपत्रकाच्या कागदात बिया घातलेल्या आहेत. कुंडीत पुरून पाणी घातलं की फुलं येतात, असं मागे छापलंय. ते माझ्या कपाटात आहे. वहिनींना अजून दिलेलं नाही.