राखेनं घासलेले हात

अक्षर माझं वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ तर कधी कळलंच नाही. चौथीनंतर पाटी सुटली. तेवढं सांभाळून घ्या. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवापुढं हात जोडतानासुद्धा नाही. चारचौघांत नाव सांगायचं तरी मला घाम फुटतो. म्हणून लिहिते.

मी मस्कतला एका घरी स्वयंपाकाला असते. लपूनछपून गेलेली नाही. आमच्यासारख्या कमी शिकलेल्या बायांना परदेशी घरकामाला जायचं तर सरकारची वेगळी परवानगी लागते, वयाची तीस वर्षं पुरी लागतात, मालकाचा करार लागतो. ते सगळं केलं. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. तिकडं उतरल्यावर दहाही बोटांचे ठसे दिले, तेव्हा राहण्याचं कार्ड हातात आलं. ते मुदत संपली की नवं होतं. एकही कागद खोटा नाही. खोटं आहे ते कागदांच्या आधीचं — तिथं कोण ठसे घेतं?

ती जागा माझी नव्हती. माझ्या थोरल्या जावेची, मंदाताईची होती.

ताई लवकर विधवा झाली. मूलबाळ नाही. गावी, लोणीला, आमच्या घरात राहायची — ‘आमच्या’ हा शब्द बघा कसा आपोआप आला. घर तिचंही होतं. पण तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. मला परक्या देशात राहायला कार्ड मिळालं. तिला त्या घरात राहायला नुसती आमची मर्जी होती. तिला फार काही नको होतं. रस्त्याकडेला एक खोली, स्वतःची. “आतनं कडी लावून निजायचंय मला एकदा,” असं हसत म्हणायची.

उन्हाळ्यात ती मंचरला एका शेठजींच्या घरी पापड लाटायला जायची. मारवाडी जैन माणसं, कापडाचं दुकान. त्यांचा धाकटा भाऊ मस्कतला, आणि त्यांची आई त्याच्याकडं राहायला गेलेली. त्या आजींचं सगळं कडक. कांदा-लसूण नाही, दिवस मावळायच्या आत जेवण, आणि मांसमच्छीला शिवलेल्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा नाही. तिकडं तशी बाई मिळेना. शेठजींच्या बायकोनं, भाभींनी, ताईला विचारलं. ताईच्या गळ्यात तुळशीची माळ, तिनं कधी अंडं हातात धरलं नाही. जवळजवळ ठरलंच होतं.

एक दिवस ताईला ताप आला, म्हणून पापडांचे डबे पोचवायला मी गेले. भाभींनी चहा दिला. सहज बोलावं तसं विचारलं, तुमच्या घरात कुणी खात नाही ना?

इथं हात थांबतो. थांबून काय होणार?

मी म्हणाले, “मी नाय खात भाभी. ताई खाती कधीमधी. सुकट भाजती. मग इकडं यायच्या आदी चुलीतल्या राखंनं हात घासती, वास जावा म्हणून. माळ काय, लोकांसाठी.”

मी खाली बघून बोलले, आवाज कापत होता. भाभींना वाटलं असेल, बिचारी जावेचं सांगायला लाजतेय. घाबरट माणसाचं खोटं कुणाला ओळखू येत नाही.

आणि ते मला सुचलं कसं — तेही सांगते. सुचलं नव्हतं. सुकट भाजणारी मीच. राखेनं नखं घासणारीही मीच, ताईच्या देवाच्या भांड्यांना हात लावायच्या आधी, तिला वास येऊ नये म्हणून. शब्द सगळे खरे होते. फक्त बाई बदलली.

भाभींनी ताईला कारण कधी सांगितलं नाही. पापडाचं काम बंद केलं, एवढंच. ताई एकदा मुद्दाम जाऊन आली. परत आली ती उंबऱ्यावरच बसली.

“काय चुकलं आसंल गं माझं?” म्हणाली. “पाणी मागितलं तर वरनं वतलं त्यांनी. आठ-धा वर्सं त्या घरात राबले मी.”

मी म्हणाले, “मोठ्या लोकांचं काय खरं, ताई.” आणि भाकरी उलटली.

पंधरा दिवसांनी भाभींचा निरोप आला, तो माझ्यासाठी. ताई लई खूश झाली, खरंच झाली. “घरातलंच कुणी चाललंय,” म्हणाली. पासपोर्ट, तपासण्या, मुंबईच्या फेऱ्या — नवऱ्याकडं पैसे नव्हते. ताईनं तिच्या पाटल्या विकल्या. मी त्या विकू दिल्या. गरज होती असं म्हणू? ती तिला जास्त होती.

माझी लेक तेव्हा पुरती बोलतही नव्हती. ती ताईनं वाढवली. फोनवर आधी “मोठी आई” म्हणायची, मग नुसतं “आई” — आणि मला “मस्कतची आई”.

आजी माझ्याच हातचं खायच्या. पोळीचा घास मोडताना म्हणायच्या, तुझे हात चोख आहेत गं, ती दुसरी आली असती तर माझा धर्म बुडाला असता. मी तूप वाढायची. त्या दिवसापासून मी सुकट तोंडात घातलेली नाही. त्याला व्रत म्हणत नाहीत, हे मला कळतं.

आजी गेल्या, तेव्हा तरी भाभींना खरं सांगायचं होतं. फोन लावला. भाभी म्हणाल्या, तू मुलीसारखं केलंस. मी ठेवून दिला. कार्ड पुन्हा नवं झालं, आता त्या घरच्या पोरांसाठी करते.

ताईची खोली झाली नाही. निजायला तिला अजून माझ्या लेकीशेजारचीच जागा आहे.

पाटल्यांचे पैसे मी दर सुट्टीला थोडे थोडे देत आले. ह्या सुट्टीत राहिलेले सगळे दिले. ताई ओट्यावर मेथी निवडत होती. हात पदराला पुसून तिनं नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

“ह्यात जास्तीचे हायेत गं.”

“ऱ्हाऊ द्या ताई. व्याज समजा.”

“घरात कुठं व्याज आसतं व्हय?” तिनं वरचे पैसे काढून माझ्या मुठीत कोंबले आणि मूठ मिटली. “झालं. पै न् पै आली माझी. आता तुझ्याकडं माझं काय न्हाई.”

मी मान डोलावली.