पाहुणीची तरतूद

चांगले दिवस आले की अस्वस्थ होणारा माझ्या सासऱ्यांसारखा दुसरा माणूस मावळ तालुक्यात झाला नाही. घाटात रेल्वेची नोकरी करून ते लोणावळ्याजवळच्या आपल्या गावी येऊन राहिले होते. भात चांगलं पिकलं की गावाला हुरूप यायचा आणि यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही. माझी जीभ बघितली आणि म्हणाले, "घरात जादा घोंगड्या किती हायेत?" पंगतीत कुणी शिंकलं तर त्याला पानासकट अंगणात नेऊन बसवत, आणि तो बिचारा एकटा जेवतोय हे न बघवून स्वतःही पान उचलून त्याच्याच शेजारी जाऊन बसत.

याला कारण होतं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या मानमोडीच्या तापाच्या साथीत माझ्या सासूबाई गेल्या. माझी बायको तेव्हा रांगत होती. घरोघर सगळेच आडवे, सासरेही तापाने फणफणलेले. "औशीद कुनाकडंच नव्हतं, त्येचं काय न्हाई," ते म्हणत. "पन ती पानी पानी करीत व्हती, अन् द्यायला उठनारं मानूस नव्हतं." नाव घेतलं की रोग येतो, या समजुतीने त्यांनी पुन्हा त्या तापाचं नाव घेतलं नाही. त्या साथीला ते नुसतं 'पाव्हनी' म्हणत.

या पाहुणीसाठी गावपंचायतीने पैसे बाजूला ठेवावेत, एक खोली, खाटा, घोंगड्या आणि पेज-पाणी द्यायला पगारी माणूस असावा, असा त्यांचा दरवर्षीचा हट्ट. पंच म्हणत, "साथ आली तर मरीआईचा गाडा शिवंबाहेर काढू की!" मग एका वर्षी नवे सरपंच आले. त्यांच्यापुढे सासरे उभे राहिले. "पाव्हनी परत येनार. मागल्या टायमाला गावात तिची कायबी तयारी नव्हती. लय नाचक्की झाली."

सरपंचांना वाटलं, खंडाळ्याच्या बंगल्यातली कुणी साहेबाची मडम येणार. गावाचं नाक कापलं जायला नको म्हणून तरतूद एकमताने मंजूर झाली. चावडीशेजारच्या खोलीला चुना लागला, वेताची खुर्चीसुद्धा आली. खाटांची रांग बघून मात्र सरपंच चक्रावले.

"आबा, येका मडमंला येवढ्या खाटा?"

"म्या मडम कवा म्हनलं?"

खरा प्रकार कळल्यावर सरपंच भडकले. सासरे शांतपणे म्हणाले, "घाटात गाडी बेफाम सुटली तर तिला चढावर घालाया येक मोकळा रूळ ठिवल्याला असतो. त्येच्यावर गवत उगावतं. म्हनून कुनी त्यो उपटून इकला का?"

सरपंचांनी डोकं खाजवलं. तरतूद राहिली. खुर्ची तेवढी ते घरी घेऊन गेले.

पुढे काही वर्षांनी एका थंडीत खरंच तापाची साथ आली. खोली उघडली, पेज शिजली. नेमलेला माणूस असतानाही सासरे तांब्या घेऊन या खाटेवरून त्या खाटेवर फिरत होते. आलेली सगळी माणसं आपल्या पायांनी घरी गेली.

नंतरच्या सभेत सरपंच कुरकुरले, "काय झालं तर न्हाईच. उगा पैसा घातला." सासरे घरी आले ते हसतच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ऐकलंस का पोरी," ते माझ्या बायकोला म्हणाले, "काय झालं न्हाई म्हनत्यात!" एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ते गेल्याच्या पुढच्याच वर्षी पंचायतीने ती तरतूद काढून टाकली. हे बघायला ते नव्हते ते बरंच झालं, असं मी म्हणतो. माझी बायको म्हणते, ते असते तर काढलीच नसती.